थंडी-वाऱ्यातला पेलेट स्टोव्ह: आधी हवा, मग जळण

प्रश्न थोडक्यात असा आहे. एरवी उत्तम चालणारा पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या छोट्या कांड्या (पेलेट) जाळणारा स्टोव्ह, कडाक्याच्या थंडीत आणि सोसाट्याच्या वाऱ्यात सुस्त जळू लागतो. ज्योत नारिंगी होते, तिच्या टोकाशी काजळीची रेघ दिसते, दोन-तीन तासांत काच काळवंडते आणि पहाटे केव्हातरी व्हॅक्यूमचा दोष दाखवून स्टोव्ह बंद पडलेला आढळतो. प्रश्नकर्त्यांनी त्यावर जळणाचा पुरवठा दोन पायऱ्यांनी वाढवला. पहिल्या रात्री धग थोडी वाढली, पण तिसऱ्या दिवसापासून काच आणखी लवकर काळी पडू लागली. आता पुरवठा अजून वाढवावा की व्हॅक्यूम स्विच (आतली हवेची ओढ कमी झाली की जळण थांबवणारा स्विच) बदलावा, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की यांपैकी काहीच करू नये. पुरवठा आधी होता तिथे परत आणावा आणि स्विचला तूर्त हात लावू नये. वर सांगितलेली सगळी लक्षणे हवा कमी पडल्याची आहेत. हवा कमी पडत असताना जळण वाढवले की काजळी वाढते, काजळीने वाटा अरुंद होतात आणि हवा आणखी कमी पडते. पहिल्या रात्री आलेली धग ही जादा जळणाची होती. तिसऱ्या दिवशी जे दिसले तो त्या जळणाच्या काजळीचा परिणाम होता.

हे नीट कळण्यासाठी स्टोव्हच्या आत काय घडते ते पाहिले पाहिजे. हॉपरमधल्या, म्हणजे साठवणीच्या पेटीतल्या, पेलेट मळसूत्रासारख्या ऑगरने पुढे सरकतात आणि जळणाच्या वाटीत पडतात. वाटीच्या तळाला आणि कडांना भोके असतात. धूर बाहेर टाकणारा पंखा जळणकक्षातून वायू ओढून घेतो. त्यामुळे आत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब तयार होतो आणि त्या ओढीने ताजी हवा वाटीच्या भोकांतून वर येते. म्हणजे हा स्टोव्ह फुंकणीवर चालत नाही, ओढीवर चालतो. ही ओढ फार नाजूक असते. मॉडेलनुसार ती साधारण २५ ते १०० पास्कलच्या दरम्यान असते, आणि १० पास्कल म्हणजे पाण्याच्या जेमतेम एका मिलिमीटर उंचीच्या स्तंभाचा दाब. एक किलो लाकूड पूर्ण जळायला सुमारे सहा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात स्टोव्ह त्याहून बरीच जास्त हवा ओढतो. एवढी सगळी हवा पाण्याच्या काही मिलिमीटरांइतक्या दाबावर आत येत असते.

आता वाऱ्याचा हिशेब मांडू. उणे १० अंश सेल्सियसच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.३४ किलो असते. ताशी १८ किलोमीटरचा वारा भिंतीवर थेट आदळला तर त्याचा दाब १७ पास्कलच्या आसपास भरतो. ताशी ३६ किलोमीटरला तो ६७ पास्कल होतो आणि ताशी ५४ किलोमीटरला १५० पास्कल. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. हे आकडे पूर्ण आघाताचे आहेत. प्रत्यक्षात वाऱ्याकडच्या भिंतीवर साधारण यांच्या निम्म्यापासून पाऊणपटीपर्यंत दाब येतो, तर वाऱ्याच्या आडोशाच्या भिंतीवर उलट ओढ तयार होते. धूरनळीचे तोंड वाऱ्याकडच्या भिंतीत असेल, तर ५० पास्कलच्या ओढीवर चालणाऱ्या पंख्याला एका झोतात तेवढ्याच विरोधाला तोंड द्यावे लागते. अशा क्षणी ज्योत मान टाकते. आतली ओढ ठरावीक पातळीच्या खाली गेली की व्हॅक्यूम स्विच उघडतो आणि ऑगर थांबतो. झोत ओसरला की ऑगर पुन्हा सुरू होतो. रात्रभर असे शंभर वेळा झाले की वाटीतली आग विझत जाते, आणि शेवटी पडद्यावर दोष उमटतो. स्विच आपले काम चोख करत असतो. तो जोडवायर टाकून निकामी करणाऱ्या लोकांना मी हात जोडून सांगतो की घरात धूर आणि कार्बन मोनॉक्साइड येऊ न देण्याची ती एक मोठी सोय आहे. तिच्याशी खेळू नये.

थंडीचा परिणाम मात्र याच्या उलट दिशेचा असतो, आणि इथे बरेच जण गोंधळतात. बाहेर जितकी थंडी जास्त, तितकी उभ्या धुराड्याची नैसर्गिक ओढ जास्त. धुराचे सरासरी तापमान १२० अंश धरले, तर बाहेर १० अंश असताना उभ्या नळीच्या दर मीटरला सुमारे ३.४ पास्कल ओढ मिळते आणि उणे १० अंशांना सुमारे ४.४ पास्कल. पाच मीटरच्या उभ्या नळीत हा फरक पाच पास्कलांचा होतो. म्हणूनच उंच धुराड्याचा स्टोव्ह शांत, थंड रात्री जास्त हवा ओढतो, पेलेट वाटीत नाचू लागतात आणि अर्धवट जळालेल्या पेलेट राखेत पडतात. तोच स्टोव्ह वादळी रात्री गुदमरतो. सौम्य दिवशी लावलेली हवेची झडप या दोन्ही रात्रींना नेमकी बसेल ही अपेक्षाच चूक आहे. आडव्या, छोट्या नळीच्या स्टोव्हला थंडीचा हा फायदा मिळत नाही, वाऱ्याचा त्रास मात्र पूर्ण मिळतो.

तरीही झडपेला हात लावण्याआधी स्टोव्ह स्वच्छ करावा, कारण घाण स्टोव्हवर केलेली कोणतीही जुळणी पुढच्या सफाईनंतर चुकीची ठरते. माझ्याकडे जुळणीसाठी म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ राखेत निघाले आहे. एका घरात व्हॅक्यूम स्विच दोनदा बदलून झाला होता. मी गेलो तेव्हा स्टोव्हच्या मागच्या टी-जोडाचे (धूरनळीच्या इंग्रजी T आकाराच्या जोडाचे) झाकण काढले आणि मऊ करड्या राखेचा ढीग जमिनीवर ओतला गेला. जोडाचा निम्म्याहून अधिक भाग भरला होता. शांत दिवशी पंखा उरलेल्या वाटेतून कसाबसा निभावून नेत होता. वारा सुटला की त्याच्याकडे काही शिल्लक राहत नव्हते. नवा स्विच आणि जुना स्विच दोन्ही निर्दोष होते.

थंडीत राख किती वेगाने साचते याचाही अंदाज असावा. उत्तम प्रतीच्या पेलेटसाठी युरोपात रूढ असलेल्या ईएन-प्लस ए-१ दर्जानुसार राख ०.७ टक्क्यांपर्यंत आणि ओलावा १० टक्क्यांपर्यंत चालतो. दिवसाला २० किलो पेलेट जळत असतील, तर ०.७ टक्क्यांनी रोज १४० ग्रॅम राख होते, ०.३ टक्के राखेच्या पेलेट असतील तर ६० ग्रॅम. सौम्य हवेत आठ किलोच जळत होते तेव्हा आठवड्याने केलेली सफाई पुरत होती, आता ती तीन दिवसांवर येते. सफाईचे वेळापत्रक तारखांवर ठेवण्याऐवजी जळालेल्या पोत्यांवर ठेवावे, हे त्यामुळेच.

रोज सकाळी, आग थंड झाल्यावर, वाटी बाहेर काढून खरवडावी. तळाशी चिकटलेला काचेसारखा कडक थर म्हणजे खंगर. राखेतली खनिजे वितळून तो तयार होतो. चांगल्या पेलेटची राख बाराशे अंशांच्या वर मऊ होते, पण झाडाची साल किंवा माती मिसळलेल्या जळणाची त्याआधीच वितळते. वाटीची भोके एकेक करून तपासावीत. योग्य मापाचे ड्रिलचे पाते हाताने फिरवून ती मोकळी करावीत. वाटी परत ठेवताना ती खाली सपाट बसली आहे ना हे बोटांनी चाचपून पाहावे. खाली राखेचा एक खडा राहिला तरी वाटी तिरकी बसते आणि हवा भोकांतून येण्याऐवजी त्या फटीतून निसटते. स्टोव्ह स्वच्छ असूनही ज्योत मरगळलेली असण्याचे हे एक कारण आहे आणि ते सहज नजरेतून सुटते.

त्याहून खोल सफाई म्हणजे उष्णताविनिमयाच्या नळ्या, त्यांच्या मागचे राखेचे कप्पे, धूरपंख्याची पाती आणि टी-जोड. मागचे कप्पे छोट्या झाकणांआड किंवा अग्निविटांच्या मागे असतात. घरमालकांना ते तिथे आहेत हेच पुष्कळदा ठाऊक नसते, म्हणून माहितीपुस्तिकेतले चित्र एकदा समोर धरून प्रत्येक झाकण उघडावे. धूरपंख्याच्या पात्यांवर राखेचा पातळ थर बसला तरी पंखा हवा कमी फेकतो आणि थरथरतो. पंखा बाहेर काढला, तर त्याची गॅस्केट (सांध्यातून हवा गळू न देणारी पट्टी) बदलूनच तो परत बसवावा. राख उचलायला साधा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. राखेखाली निखारा तासन् तास जिवंत राहतो आणि बारीक राख त्याच्या गाळणीतून खोलीभर पसरते. राखेसाठीचे धातूच्या डब्याचे यंत्र वापरावे आणि तरीही स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्यावा.

पानगळ साफ करण्याचे यंत्र धूरनळीच्या बाहेरच्या तोंडाला ओढीच्या बाजूने जोडून सगळी राख एकदम ओढून घेण्याची युक्ती अनेकांना ठाऊक आहे. ती खरोखर उपयोगी आहे. मात्र त्याआधी व्हॅक्यूम स्विचची किंवा हवामापक संवेदकाची रबरी नळी सुटी करावी, नाहीतर एवढ्या जोराच्या ओढीने त्याचा पडदा बिघडू शकतो. राखेचा लोट बाहेर कुठे जाणार आहे हेही आधी पाहून ठेवावे. त्या रबरी नळीबद्दल आणखी एक सूचना आहे. ती ज्या धातूच्या तुकड्यावर बसते त्याचे भोक राखेने बुजते आणि स्विचला खरी ओढ कळतच नाही. भोक तारेने मोकळे करावे, पण नळी स्विचला जोडलेली असताना तिच्यात कधीही फुंकर मारू नये.

सफाईनंतर गळती पाहावी. दाराच्या दोरीसारख्या गॅस्केटची परीक्षा सोपी आहे. कागदाची एक पट्टी दारात अडकवून दार बंद करावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज सरकली तर तिथे हवा आत घुसते आहे. दाराच्या चारही बाजूंना, राखेच्या पेटीच्या दाराला आणि हॉपरच्या झाकणालाही ही चाचणी करावी. गळक्या गॅस्केटमुळे पंख्याची ताकद त्या फटीतून हवा ओढण्यात खर्च होते आणि वाटीच्या वाट्याला कमी हवा येते. दार थोडे गळके असल्याने आगीला जास्त हवा मिळेल असे वाटते, पण ती हवा जळणाखालून येत नसल्याने तिचा आगीला उपयोग नसतो.

आता वाऱ्याशी थेट संबंध असलेला भाग, आणि माझ्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे. स्टोव्हला हवा कुठून मिळते? खोलीतून मिळत असेल, तर खोलीचा दाब हा या व्यवहारातला तिसरा भागीदार ठरतो. थंडीत गरम हवा घराच्या वरच्या भागातून निसटते आणि खालच्या मजल्यावर ओढ तयार होते. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा आणि कपडे वाळवण्याचे यंत्र तिच्यात भर घालतात. घट्ट बांधलेल्या घरात स्टोव्हचा पंखा आणि हे पंखे एकाच हवेसाठी भांडत असतात. याची परीक्षा फुकटात होते. वाऱ्याच्या रात्री ज्योत मरगळली की घरातले बाकीचे पंखे बंद करावेत आणि वाऱ्याकडची खिडकी दोन बोटे उघडावी. पाच मिनिटांत ज्योत सरळ उभी राहिली, तर दोष घराच्या दाबात आहे. मग आडोशाची खिडकी उघडून पाहावी. तिने ज्योत उलट खालावली, तर वारा कुठून आणि कसा छळतो आहे हे तुम्हाला कळले.

यावरचा पक्का उपाय म्हणजे बाहेरची हवा थेट स्टोव्हपर्यंत आणणारी नळी. मात्र ती कोणत्या भिंतीतून घ्यावी यावर सगळे अवलंबून आहे. हवा घेण्याचे तोंड आणि धूर सोडण्याचे तोंड एकाच भिंतीवर असेल, तर वाऱ्याचा झोत दोन्हींवर जवळजवळ सारखाच दाब टाकतो. बाहेर ढकलायला जितका विरोध होतो, तितकीच मदत आत येणाऱ्या हवेला मिळते आणि दोन्ही एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. आतल्या नळीतून धूर आणि तिच्याभोवतीच्या बाहेरच्या नळीच्या पोकळीतून हवा नेणारी समकेंद्री नळी याच तत्त्वावर वादळातही स्थिर राहते. याउलट धुराचे तोंड वाऱ्याकडे आणि हवेचे तोंड आडोशाला असेल, तर दोन्हीकडून नुकसानच होते. टोकाच्या झोतात प्रवाह उलटा फिरून गरम वायू हवेच्या नळीत शिरू शकतात. ही नळी धातूचीच असावी, प्लॅस्टिकची कधीही नसावी, असे म्हणण्याचे एक कारण हेच आहे. दोन तोंडांमध्ये उत्पादकाने सांगितलेले अंतर ठेवावे, नाहीतर बाहेर टाकलेला धूर पुन्हा आत येतो. आणि नळी स्टोव्हच्या हवेच्या तोंडाला घट्ट जोडलेली असावी. नुसती जवळ आणून सोडलेली नळी खोलीत गारवा आणते, दाबाचा समतोल मात्र साधत नाही. कडाक्याच्या थंडीत या नळीवर घरातल्या दमट हवेचे पाणी साचते, म्हणून तिला वेष्टन करावे. बाहेरची जाळी बर्फाने किंवा दहिवराने बुजते. ती रोज पाहावी.

धुराच्या तोंडाचे स्थानही तितकेच महत्त्वाचे आहे. भिंतीतून आडवे बाहेर पडून तिथेच संपणारे तोंड सर्वांत दुबळे असते, त्यातही घराच्या आतल्या कोपऱ्यात किंवा वळचणीखाली असलेले. तिथे वारा गरगर फिरतो आणि कोणत्या क्षणी कोणत्या दिशेने दाबेल याचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी नळी बाहेर किंवा आत मीटर-दीड मीटर उभी वर नेली, तर दोन फायदे होतात. तोंड भिंतीजवळच्या दाबातून सुटते आणि थोडी नैसर्गिक ओढही मिळते. छपरावरून वर नेलेले धुराडे वाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत चांगले, पण ते आजूबाजूच्या छपराच्या पातळीहून पुरेसे उंच असले पाहिजे, नाहीतर छपरावरून घसरणारा वारा थेट त्यात उतरतो. तोंडावर वारारोधक टोपी बसवावी. पक्ष्यांसाठी बारीक जाळी लावायचा मोह आवरावा. ती उडत्या राखेने काही आठवड्यांत बुजते.

नळी लांबवण्याचीही किंमत असते. उत्तर अमेरिकेत प्रचलित असलेल्या हिशेबात दर ९० अंशांच्या कोपराला पाच एकक, ४५ अंशांच्या कोपराला तीन, आडव्या नळीच्या दर फुटाला एक आणि उभ्या नळीच्या दर फुटाला अर्धा एकक धरतात. बेरीज पंधराच्या वर गेली की तीन इंची नळीऐवजी चार इंची घेतात. दोन कोपर आणि सहा फूट आडवी नळी म्हटली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. चौथा कोपर लावून तोंड आडोशाला नेण्यापेक्षा आहे त्याच ठिकाणी सरळ वर गेलेले बरे, असे मी अनेकांना सुचवले आहे. नळी पेलेटसाठीची, दुहेरी भिंतीची असावी. एक किलो पेलेट जळताना अर्धा किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. एकेरी नळीत बाहेरच्या थंडीने तिचे आतच पाणी होते आणि ते राखेत मिसळून चिखल होतो, आणि तो चिखल वाळून दगड बनतो.

हे सगळे पाहून झाल्यावरच जुळणीकडे यावे. शक्य असेल तर मॅनोमीटर (दाबातला फरक मोजणारे उपकरण) आणावा. जळणकक्षाच्या चाचणी-छिद्राला तो जोडून माहितीपुस्तिकेतल्या अंकाशी ताडून पाहावा आणि वाऱ्याच्या झोतात काटा किती हलतो हे दहा मिनिटे शांतपणे बघावे. काटा दहा-पंधरा पास्कल हलत असेल तर झडपेने काम भागेल. पन्नासेक पास्कल हलत असेल तर कितीही झडप फिरवली तरी उपयोग नाही. नळीचे तोंडच बदलावे लागेल. मॅनोमीटर नसेल तर ज्योतीवर विसंबावे लागते, आणि ज्योत पुष्कळ काही सांगते.

जुळणी करताना स्टोव्ह मधल्या पातळीवर किमान पाऊण तास चाललेला असावा. योग्य ज्योत पिवळसर पांढरी, चपळ आणि टोकाशी स्वच्छ असते. नारिंगी, उंच, डोलणारी आणि काळ्या शेंड्याची ज्योत हवा कमी असल्याचे सांगते. आखूड, सुसाट, निळसर पांढरी ज्योत आणि वाटीबाहेर उडणाऱ्या ठिणग्या हवा जास्त असल्याचे. झडप हळूहळू बंद करत टोकाला काजळी दिसू लागेपर्यंत जावे, मग ती नाहीशी होईपर्यंत उघडावी. शांत हवेत इथेच थांबले तरी चालते. वाऱ्याच्या दिवसांत मात्र त्याहून थोडे आणखी उघडावे, म्हणजे झोतात हवा घटली तरी ज्योत काजळीच्या रेषेच्या वर राहील. यामुळे थोडी उष्णता धुराड्यातून वाया जाते हे खरे आहे, पण काळवंडलेल्या नळ्यांतून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा ती कमीच असते. प्रत्येक बदलानंतर पंधरा-वीस मिनिटे थांबावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहून ठेवावे. वही नसलेली जुळणी दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही, मलासुद्धा.

ज्या स्टोव्हमध्ये हातझडप नसून पंख्याची गती पडद्यावरून बदलते, तिथेही हेच तत्त्व लागू आहे. हवेचा प्रवाह स्वतः मोजून पंखा जुळवून घेणारे स्टोव्ह सौम्य वाऱ्यात बरे चालतात. मात्र पंखा शेवटच्या गतीला पोहोचला की त्यांच्याही हातात काही उरत नाही, आणि संवेदकावर राख बसली तर ते चुकीच्या आकड्याला जुळवून घेत राहतात.

जळणाच्या पुरवठ्याचा अंक शेवटी पाहावा. ऑगर पेलेट वजनाने मोजत नाही, जागेने मोजतो. आखूड पेलेट त्याच्या चक्रांत दाटीने बसतात आणि तेवढ्याच फेऱ्यांत जास्त वजन पुढे जाते. लांब पेलेट पोकळ्या सोडतात. पोत्याचा ब्रँड बदलला आणि स्टोव्ह बिघडला असे वाटते, त्याचे कारण बहुधा हे असते. हॉपरमध्ये पेलेटची पातळी खुणावी, एकाच सेटिंगवर चार तास चालवावे आणि पुन्हा त्या खुणेपर्यंत भरायला किती किलो लागले ते वजन करून पाहावे. हा आकडा माहितीपुस्तिकेतल्या आकड्याशी जुळतो का, एवढेच पाहायचे असते. हॉपरच्या कोपऱ्यांत साठलेला भुसा महिन्यातून एकदा काढावा. तो ऑगरच्या तोंडाशी दाबला जाऊन पुरवठा अनियमित करतो. थंड जागेत ठेवलेले पोते घरात आणल्यावर लगेच फोडू नये. थंड पेलेटवर खोलीतला ओलावा धरतो आणि त्या फुगून भुसभुशीत होतात. पोते बंदच ठेवून एक दिवस घरात राहू द्यावे.

वाऱ्याच्या रात्री स्टोव्ह अगदी खालच्या पातळीवर ठेवून झोपायला जाऊ नये. सर्वांत कमी पातळीवर ओढही सर्वांत कमी असते, आणि पहिला बळी ती ज्योत जाते. एक पायरी वर ठेवून खोली थोडी जास्त गरम झालेली परवडते. तसेच वारंवार बंद-चालू होणारी पद्धत त्या रात्री टाळावी, कारण वाऱ्यात होणारी प्रत्येक पेटवणी जोखमीची असते. पेटवणी फसली तर वाटीत धुमसणाऱ्या पेलेटचा ढीग साचतो आणि जळणकक्ष दाट पांढऱ्या धुराने भरतो. हा धूर ज्वलनशील असतो आणि एकदम भडका घेऊ शकतो. अशा वेळी दार उघडू नये आणि वीजही तोडू नये, कारण तो धूर बाहेर नेणारा पंखा विजेवरच चालतो. धूर निवळू द्यावा, स्टोव्ह थंड होऊ द्यावा, वाटी हाताने पूर्ण रिकामी करावी आणि मगच पुन्हा पेटवावे. भरलेल्या वाटीवर दुसऱ्यांदा पेटवण्याचे बटण दाबणे ही माझ्या पाहण्यातली सर्वांत धोकादायक सवय आहे.

वारा वीजही नेतो. पंखा थांबला की वाटीतले निखारे धुमसत राहतात, आणि उभी नळी नसेल तर धूर घरात झिरपतो. चालू स्टोव्हला साधारण शंभरेक वॉट लागतात. पेटवणीच्या काळात मात्र तापक तार एकटीच ३०० ते ४०० वॉट खाते. म्हणून स्टोव्ह सुरक्षितपणे विझेपर्यंत पंखा चालेल एवढा यूपीएस पुरतो. तो शुद्ध साइन लहरीचा असावा, कारण पायऱ्यांच्या लहरीवर काही नियंत्रण-पाट्या आणि मोटरी बिघडतात किंवा गुरगुरतात. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र स्टोव्हच्या खोलीत आणि झोपण्याच्या खोलीजवळ, दोन्ही ठिकाणी असावे आणि त्याची बॅटरी हिवाळ्याच्या सुरुवातीलाच बदलावी.

प्रश्नकर्त्यांनी सांगितलेल्या वर्णनावरून, त्यांच्या स्टोव्हची धूरनळी आडवी आणि वाऱ्याकडच्या भिंतीत आहे असा माझा अंदाज आहे, कारण शांत दिवशी निर्दोष आणि वादळात हमखास बंद असे चित्र बहुधा तिथेच दिसते. त्यांनी पुरवठा मूळ अंकावर आणावा, टी-जोडासह पूर्ण सफाई करावी, दाराची कागदपट्टीची चाचणी घ्यावी आणि पुढच्या वादळी रात्री खिडकीचा प्रयोग करून पाहावा. खिडकीने ज्योत सुधारली तर त्याच भिंतीतून हवेची नळी घ्यावी. सुधारली नाही, आणि स्वच्छ स्टोव्हवरही झोतागणिक ज्योत मान टाकत असेल, तर एखाद्या परवानाधारक कारागिराकडून धूरनळी दीड मीटर उभी वर नेऊन वारारोधक टोपी बसवून घ्यावी. या दोन्ही कामांनंतर हवेची झडप नव्याने लावावी लागेल. जुना अंक वहीत खोडून ठेवावा.